नकाशाबाईंचा उजवा गुडघा

नकाशाबाईंच्या उजव्या गुडघ्याला जन्मात कधी काही झालं नव्हतं. डाव्यालाही नाही. तरीसुद्धा तो गुडघा अख्ख्या इमारतीच्या, अख्ख्या कचेरीच्या आणि शेवटी एका सरकारी डॉक्टरांच्या काळजीचा विषय होऊन बसला, याला सर्वस्वी बाईंचं तोंड जबाबदार होतं. जे बोलायला हवं होतं ते त्या तोंडातून निघालं नाही, आणि जे बोलायचं काही कारण नव्हतं ते चारचौघांत ओरडून सांगितलं गेलं.

खरं दुखणं वेगळंच होतं. बाईंनी पन्नाशी गाठली आणि पाळीने निरोप घ्यायला सुरुवात केली. पण तीही सरळ जाईना. लांबचे पाहुणे निघतो निघतो म्हणत दारातून पुन्हा आत येतात, तसं तिचं चाललं होतं. आणि जाता जाता मागे ठेवत होती ती नुसती आग. बसल्या जागी छातीतून एक गरम लाट उठायची, मानेवरून कानांपर्यंत चढायची, चेहरा लालबुंद व्हायचा, पाठीवरून घामाचे ओघळ सुटायचे, आणि जरा वेळाने उलट हुडहुडी भरायची. झोपेचं तर नावच नको. बाई पंखा वाढवायच्या, नवरा पांघरूण वाढवायचा. पांघरुणांची हद्द झाली तेव्हा तो उशी घेऊन बाहेरच्या खोलीत कोचावर झोपायला गेला. यावर दोघांपैकी कुणीही चकार शब्द काढला नाही. सुशिक्षित घर होतं.

त्यातल्या त्यात आधार होता तो कचेरीचा. बाई जमीन मोजणीच्या खात्यात नकाशांच्या खोलीच्या प्रमुख होत्या, म्हणून तर सगळे त्यांना नकाशाबाई म्हणायचे. जुने कागदी नकाशे उकाड्याने वाकतात आणि दमट हवेत त्यांना बुरशी लागते, त्यामुळे पूर्ण इमारतीत थंड हवेचं यंत्र होतं ते एकट्या या तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत. खुद्द साहेबसुद्धा पंख्याखाली बसत. इतकी वर्षं बाई तिथे स्वेटर घालून बसल्या आणि कुरकुर करत राहिल्या. आता मात्र ती खोली म्हणजे माहेर झालं होतं. लाट आली की सपाट कपाटाचा लांबलचक खण ओढायचा आणि नकाशा तपासायच्या निमित्ताने त्या गारव्यात गळ्यापर्यंत वाकायचं. उभ्या नोकरीत तपासले नसतील इतके नकाशे बाईंनी त्या काळात तपासले. साहेबांनी बैठकीत त्यांच्या कामसूपणाचा दाखला दिला तेव्हा त्या लाजेने लाल झाल्या, असं सगळ्यांना वाटलं.

एवढ्यावर भागलंही असतं. पण धाकट्या बहिणीचा फोन आला.

"तू सुया का टोचून घेत नाहीस?" ती म्हणाली.

"कसल्या सुया?"

"ॲक्युपंक्चर गं. चिनी पद्धत. मला आता झोप लागते."

"सुयांनी?"

"सुयांनी, की त्या कडू काढ्याने, की अर्धा तास कुणी हाक मारत नाही म्हणून, ते मला विचारू नकोस. लागते एवढं खरं. जा मुकाट्याने."

बाई मुकाट्याने गेल्या. दवाखाना दोन गल्ल्या पलीकडे, एका शिंप्याच्या दुकानावर होता. डॉक्टरीणबाई आत आणि बाहेर टेबलाशी त्यांचे सासरे. सासरे अतिशय सज्जन आणि ठार बहिरे.

"काय होतंय?" त्यांनी विचारलं.

बाई पुढे वाकून हळूच म्हणाल्या, "डॉक्टरांनाच सांगते."

"मोठ्याने बोला, मला कमी ऐकू येतं."

"डॉक्टरांना सांगते म्हटलं."

"आधी मला सांगावं लागतं. त्यावर खाट ठरते."

बाकांवरच्या सगळ्या माना वर झाल्या होत्या, कारण दवाखान्यात दुसऱ्याचा आजार ऐकण्यासारखी करमणूक नाही. आणि त्या मानांमध्ये एक मान बाईंच्याच इमारतीच्या सेक्रेटरींची होती. ते कंबर धरून, बाईंकडेच डोळे लावून बसले होते. खरा शब्द बाईंच्या घशापर्यंत आला होता, तो सेक्रेटरींना पाहून आल्या पावली परत फिरला.

"गुडघा," बाई ओरडल्या.

"कोणता?"

"उजवा."

"बसा. तो गुडघ्यांचा बाक."

गुडघ्यांच्या बाकावर सगळ्या बायकाच होत्या, साधारण बाईंच्याच वयाच्या. एक मासिकाची घडी करून वारा घेत होती. एक थंड पाण्याची बाटली मानेवर फिरवत होती. कडेच्या बाईजवळ चांदीच्या मुठीची कोरी करकरीत काठी होती आणि ती मूठ तिने गालाला लावून धरली होती. गुडघेदुखीने माणसाला उकडतं किती, असं बाईंना वाटून गेलं. जुन्या नकाशातली हातभर चुकलेली हद्द बसल्या जागी शोधणारी ही बाई, पण आपल्याच बाकावर काय चाललंय ते तिच्या डोक्यात शिरलं नाही. आपण चांगलंच खोटं बोललो, या आनंदात त्या होत्या.

आत गेल्यावर तरी खरं सांगायचं. पण आत खाटा होत्या आणि दोन खाटांमध्ये एक पडदा. पडद्यापलीकडे सेक्रेटरी पालथे पडलेले. त्यांना सुया टोचल्या होत्या, त्यामुळे ते हलू शकत नव्हते. ऐकू मात्र सगळं शकत होते.

डॉक्टरीणबाईंनी तीन बोटं मनगटावर ठेवली आणि बराच वेळ नाडी बघितली. जीभ बघितली. मग विचारलं, "झोप कशी लागते?"

"गाढ."

"घाम वगैरे?"

"छे, मला मुळात घामच येत नाही," बाई म्हणाल्या, आणि त्यांच्या कपाळावरून एक टपोरा थेंब निघून डॉक्टरीणबाईंच्या मनगटावर पडला. डॉक्टरीणबाईंनी थेंबाकडे बघितलं, बाईंकडे बघितलं, आणि रुमालाने मनगट पुसलं.

"ताई, जिना चढताना जास्त दुखतं की उतरताना?" पडद्यातून सेक्रेटरींनी विचारलं.

"दोन्ही वेळा," बाई म्हणाल्या. आणि मग त्या ठणठणीत गुडघ्याभोवती शिस्तीत सुया लागल्या. दोन-चार सुया घोट्याला, मनगटाला आणि कानालाही लागल्या. बाई अर्धा तास पडून सेक्रेटरींच्या प्रश्नांना उत्तरं देत राहिल्या.

संध्याकाळपर्यंत इमारतीत कळलं. सेक्रेटरी तसे परोपकारी गृहस्थ. बाई राहत त्या दुसऱ्या मजल्यावर लिफ्ट थांबत नसे, ती त्यांनी खास ताईंसाठी थांबवायची व्यवस्था केली. समोरच्या काकू गरम पाण्याची पिशवी घेऊन आल्या. "शेक हवा, शेक," त्या म्हणाल्या आणि समोर बसून शेक घ्यायला लावला. वरच्या मजल्यावरून गरम तेलाची वाटी आली. कुणी दुपारच्या उन्हात पाय सोडून बसायला सांगितलं. गुडघ्यावरचे जगातले झाडून सगळे उपाय गरम असतात, हे बाईंना तेव्हा कळलं. खोटं बोलायचंच होतं तर दाढ म्हणायला काय झालं होतं? दाढेला निदान बर्फ लावतात.

नवऱ्याने तर कमाल केली. जो माणूस स्वतःचे मोजे स्वतः शोधत नाही, तो बाजारात जाऊन गुडघ्यावर चढवायची लोकरीची पट्टी घेऊन आला. अस्सल लोकर, आतून अस्तर. "घालून बघ," म्हणाला. त्याच्या तोंडावर इतकी माया होती की बाईंनी ती घातली, आणि पुढच्याच लाटेत त्यांना आपला पाय शिजतोय असं वाटलं. त्याला सांगावं असं त्यांच्या मनात आलं होतं. पण ज्या माणसाशी आपण उशी का हलली हेसुद्धा बोललो नाही, त्याला सुरुवात कुठून करून सांगायचं?

लंगडण्याचं शास्त्र निराळंच. दुखरा पाय टेकताना अंग कुठे कलतं, याचा बाईंनी आयुष्यात विचार केला नव्हता. एकदा घाईत त्या डाव्या पायाने लंगडल्या, तेव्हा काकूंनी टोकलं, "काल उजवा होता ना गं?"

"आता दोन्ही," बाई म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी नवऱ्याने दुसरी पट्टी आणली.

इथवर सगळं आपल्या कर्माचं म्हणून बाईंनी सोसलं असतं. पण बायकोला कचेरीत तीन जिने चढावे लागतात हे नवऱ्याच्या जिवाला लागलं होतं. त्याने बाईंना न सांगता परस्पर साहेबांना फोन केला. साहेब कठोर असते तर बाई वाचल्या असत्या. साहेब कनवाळू निघाले. दोनच दिवसांत आदेश निघाला, की प्रकृतीचा सहानुभूतीने विचार करून नकाशाबाईंना तळमजल्यावर टपालाच्या खोलीत बसवण्यात येत आहे.

टपालाच्या खोलीला खिडकी नव्हती. इमारतीला मागून जोडलेली ती खोली, वर नुसता पत्रा. दोन बाजूंना झेरॉक्सची दोन धूड यंत्रं होती आणि ती दिवसभर बाईंच्या दोन्ही कानांत गरम श्वास सोडत. पहिल्याच दिवशी बाईंचा घाम टपालावर पडून एका मंत्र्याच्या पत्रावरची शाई पसरली. त्याहून वाईट म्हणजे वरून आलेली बातमी. नकाशांच्या खोलीत बसवलेले नवे गृहस्थ थंडीचे शत्रू होते. ते यंत्र बंद करून खिडक्या उघडून बसत. बाई एकदा लपतछपत वर जाऊन बघून आल्या, तर ज्या नकाशांना त्यांनी इतकी वर्षं लेकरांसारखं सांभाळलं होतं त्यांच्या कडा वळायला लागल्या होत्या. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. माहेर गेलं ते गेलं, आता लेकरांचेही हाल.

त्या तशाच साहेबांकडे गेल्या. "सर, मला परत वर पाठवा. गुडघा बरा झालाय."

"बाई, तुमची कर्तव्यनिष्ठा मला ठाऊक आहे," साहेब सद्गदित होऊन म्हणाले. "पण आदेश निघालाय. तो फिरवायचा तर गुडघा बरा असल्याचं सरकारी डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागेल."

गुडघा मुळात बराच असल्यामुळे बाई निर्धास्त गेल्या. सरकारी डॉक्टरांनी फोटो काढला, उजेडासमोर धरला आणि जीभ टाळ्याला लावून आवाज केला.

"झीज आहे," ते म्हणाले.

"पण मला दुखत नाही."

"दुखेल."

"अहो, कधीच दुखला नाही तो."

"या वयात सगळ्यांचीच होते झीज. बरं झालं वेळेवर आलात." आणि त्यांनी प्रमाणपत्रात लिहिलं की यापुढे जिने चढू नयेत. अशा रीतीने जो गुडघा आजवर फक्त बाईंच्या तोंडी दुखत होता, तो सरकारदरबारी कायमचा दुखू लागला.

त्या दिवशी बाई दवाखान्यात गेल्या त्या पार खचून. त्यांचा नंबर यायचा होता. काठीवाल्या बाईंचं आटोपलं, त्या घाईघाईने जिना उतरून गेल्या, आणि बघतात तो काठी बाकावरच. नकाशाबाईंनी काठी उचलली आणि त्यांच्या मागे धावत सुटल्या. रस्त्यात गर्दी. पुढे काठीवाल्या बाईंना लांबून बस येताना दिसली, तशा त्याही धावू लागल्या. पुढे एक गुडघा, मागे एक गुडघा, आणि हवेत काठी. बघणाऱ्यांना वाटलं असेल, एक बाई दुसरीला झोडपायला निघाली आहे. थांब्यावर दोघी पोचल्या तेव्हा दोघींचे चेहरे टोमॅटोसारखे झाले होते. दोघींनी एकदमच पर्समधून कागद काढला आणि वारा घ्यायला सुरुवात केली.

नकाशाबाईंनी तिच्या कागदाकडे बघितलं. तिने यांच्या. डोक्यात उजेड पडायला एवढा वेळ लागला याची नकाशाबाईंना आजही लाज वाटते.

"तुमचा गुडघा..." त्या म्हणाल्या.

"कोणता?" काठीवाल्या बाई म्हणाल्या. मग स्वतःच म्हणाल्या, "मी काहीतरी एक सांगितला होता खरा."

दोघी हसत सुटल्या. बस आली, थांबली आणि निघून गेली, तरी हसू थांबेना. शेवटी काठीवाल्या बाई डोळे पुसत म्हणाल्या, "त्या आजोबांपुढे काय ओरडणार? आणि आता तर आमच्या ह्यांनी ही काठी आणलीय. इतक्या प्रेमाने आणलीय हो, की खरं सांगायचं तोंडच राहिलं नाही. माझं अंथरूण खालच्या खोलीत हलवलंय. तिथे खिडकी उघडत नाही."

"मग सांगणार कधी?"

"तुम्ही सांगितलंत की सांगते. एकटीने धीर होत नाही."

नकाशाबाई दवाखान्याकडे परत चालत आल्या. सरळ चालत आल्या, न लंगडता. टेबलाशी जाऊन उभ्या राहिल्या. बाकावर नेमके सेक्रेटरी होतेच.

"आजोबा," बाई म्हणाल्या, "माझ्या गुडघ्याला काही झालेलं नाही. माझी पाळी जायला लागलीय. मला आग होते, घाम येतो आणि झोप लागत नाही. ऐकू आलं का?"

"आलं," सासरे म्हणाले. खाली शिंप्यालाही ऐकू गेलं असावं, कारण त्याचं मशीन थांबलं. सेक्रेटरी छताकडे अशा एकाग्रतेने बघू लागले जणू तिथे गळती होती. मग गुडघ्यांच्या बाकावरून मासिकवाली बाई उठली. "आजोबा, माझंही तेच करून टाका," ती म्हणाली. पाण्याच्या बाटलीवाली म्हणाली, "आणि माझं." सासरे शांतपणे म्हणाले, "मग बाकाचं नाव बदलायला लागेल."

"ताई," सेक्रेटरी छताकडे बघतच म्हणाले, "म्हणजे लिफ्टचं आता..."

"लिफ्ट राहू दे," बाई म्हणाल्या.

आत डॉक्टरीणबाईंनी तीन बोटं पुन्हा मनगटावर ठेवली. "मला पहिल्या दिवशीच वाटलं होतं," त्या म्हणाल्या. "तुमचा घाम माझ्या हातावर पडला होता. थोड्या सुया मी मनाने त्यासाठीही लावत होते."

"मग गुण कसा आला नाही?"

"तुम्ही पडल्या पडल्या पूर्ण वेळ सेक्रेटरींशी बोलत होतात आणि घरी जाऊन लोकर घालत होतात. आता नीट सुरू करू. आमच्या शास्त्रात म्हणतात, आतला गारवा कमी पडला की आग वर येते. सगळ्यांनाच सारखा फरक पडत नाही, हेही सांगून ठेवते. पण गप्प पडायचं."

बाई गप्प पडल्या. चक्क डोळा लागला. सुयांनी लागला की मनावरचं ओझं उतरल्यामुळे, हे बहिणीला विचारण्यात अर्थ नव्हता.

घरी नवरा गरम पाण्याची पिशवी भरून वाट बघत होता. बाईंनी पिशवी बाजूला ठेवली, दोन्ही लोकरी पट्ट्या उतरवल्या आणि त्याला कोचावर बसवून सगळं सांगितलं. आग, घाम, पंखा, टेबलाशी बसलेले सासरे, सगळं. तो खाली मान घालून ऐकत होता.

"म्हणजे माझ्यामुळे नाही?" त्याने शेवटी विचारलं.

"तुमच्यामुळे काय?"

"तू रात्री मला ढकलायचीस ना. मला वाटलं, तुला माझा कंटाळा आला. म्हणून मी आपला इकडे आलो."

बाईंना त्याची इतकी कीव आली आणि स्वतःचा इतका राग आला की रडूच फुटलं. एवढे दिवस हा माणूस मनातून दुखावला होता आणि तरीही दुकानं पालथी घालून लोकर आणत होता. "अहो, वेडे की काय तुम्ही," त्या म्हणाल्या. त्या दिवशी उशी आत परत आली. पांघरुणंही आली, पण ती त्याच्या अंगावर. पंखा बाईंच्या बाजूला वळवलेला.

राहिले साहेब. नवऱ्याला सांगणं एक आणि साहेबांना सांगणं वेगळं. पण नकाशांच्या वळलेल्या कडा बाईंच्या डोळ्यांपुढून हलत नव्हत्या. त्या केबिनमध्ये शिरल्या, दार लावून घेतलं आणि बसायला सांगायच्या आत एका दमात सगळं बोलून मोकळ्या झाल्या. साहेबांनी मध्येच एक फाईल उघडून तोंडासमोर धरली. फाईल उलटी होती.

"हं," फाईलमागून आवाज आला. "पण बाई, आदेशात काय लिहायचं? तुम्ही सांगताय ते लिहिता नाही यायचं."

"लिहा, नकाशांच्या आणि बाईंच्या प्रकृतीस थंड हवा आवश्यक."

साहेबांनी फाईल खाली ठेवली, सरकारी डॉक्टरांचं प्रमाणपत्र खणात सारलं आणि खरंच तसं लिहिलं. सही केली. बाई कागद घेऊन वळल्या.

"बाई, एक विचारू?" साहेब हळू आवाजात म्हणाले. "समजा, एखादी बाई गुडघा दुखतो म्हणते. आणि फ्रिजचं दार उघडून उगीचच उभी राहते. तर तेही...?"

"तेच असावं, सर."

"आणि तिच्या नवऱ्याने समजा काळजीपोटी तिला खालच्या खोलीत झोपवलं? काठी वगैरे आणून दिली?"

बाई दारात थबकल्या. "कसली काठी, सर?"

"चांगली आहे. चांदीच्या मुठीची."

ती काठी हवेत धरून आपण रस्त्याने कशा धावलो होतो, ते बाईंना आठवलं, आणि त्यांनी ओठ घट्ट मिटून घेतले. ज्याचं सांगणं त्याने सांगावं. शिवाय तिने शब्द दिला होता.

"मग ती काठी आता परत करू म्हणता?" साहेबांनी विचारलं. कनवाळू माणूस, चेहरा अगदी उतरला होता.

"लगेच नको, सर," नकाशाबाई म्हणाल्या. "आज घरी गेल्यावर त्यांना फक्त एवढंच विचारा, गुडघा कोणता दुखतो. पटकन सांगता आलं नाही, तर काठी ठेवून द्या आणि एक चांगला पंखा आणा."